आपला डॉक्टर आहे ना, मग अंगणवाडीत कशाला?

प्रश्न ज्यांनी विचारलाय त्या पुण्याहून लग्न होऊन इंदूरला आल्यात, सुदामा नगरला राहतात, मुलगी ८ महिन्यांची. गल्लीतल्या अंगणवाडीच्या दीदी दर महिन्याला दारात येऊन सांगतात बाळाला वजनाला आणा, सासूबाई म्हणतात ते गरिबांसाठी असतं, आपला डॉक्टर आहे ना. आणि ह्यांनी कुठेतरी प्रायमरी हेल्थ केअर हा शब्द वाचला, तर आता विचारतायत की हे नक्की काय असतं आणि आम्हाला त्याची गरज आहे का.

मी मुलांची डॉक्टर, ३१ वर्षं झाली, त्यातली पहिली ४ इंदूरजवळच्या देपालपूर बाजूच्या एका सरकारी केंद्रात, नंतर इथे शहरात स्वतःचं क्लिनिक, म्हणजे दोन्ही बाजू बघितल्यात. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सासूबाईंवर रागावू नका. माझी आई इथल्याच रामबागेतली, तिचंही हेच मत होतं, सरकारी म्हणजे लाल औषध आणि लांब लाइन. घोळ त्या 'प्राथमिक' शब्दाने केलाय, प्राथमिक शाळेसारखं वाटतं, म्हणजे खालची इयत्ता, आणि ज्याला परवडतं त्याने थेट वरच्या इयत्तेत बसायचं. तसं नाहीये ते. प्राथमिक म्हणजे आधीची काळजी. डॉक्टरकडे जायच्या आधी घरात, गल्लीत, पाण्याच्या टाकीत, ताटात जे होतं किंवा होत नाही ते सगळं. १९७८ मध्ये अल्मा आटाला, तेव्हाच्या सोव्हिएत संघात, १३४ देश बसले आणि त्यांनी हे कागदावर आणलं, त्यात लस आणि औषधांच्या जोडीला खाणं होतं, पिण्याचं पाणी होतं, आणि लोकांना स्वतःला शिकवणं होतं. पण मराठी माणसाला अल्मा आटापर्यंत जायची गरज नाही, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉक्टर आरोळे पती-पत्नींनी हे १९७० पासूनच सुरू केलं होतं, गावातल्या बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर, त्यांना शिकवून.

मुलांच्या बाबतीत ह्याचा सगळ्यात सोपा फॉर्म्युला १९८२ च्या सुमारास युनिसेफच्या जेम्स ग्रँट ह्यांनी मांडला, चारच गोष्टी, वाढीवर लक्ष, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, अंगावरचं दूध आणि लसी. नंतर त्यात बाकीचं बरंच जोडलं गेलं, पण ह्या चारांत एकही गोष्ट अशी नाही की जिला एसी क्लिनिक लागतं. आणि एकही अशी नाही की जी पैसेवाल्या घरात आपोआप नीट होते. माझा सगळा मुद्दा हाच आहे.

आधी वजन, कारण दीदी त्याच्यासाठी बोलवतायत.

देपालपूरकडे असतानाची गोष्ट, चूक माझीच. एक मुलगा, १४ महिन्यांचा. चार-पाच महिन्यांत चारदा आला, कधी खोकला, कधी जुलाब, मी दर वेळी स्टेथो लावला, सिरप लिहिलं, पुढचा पेशंट. चौथ्या वेळी आमच्या सिस्टर, वयाने माझ्या आईएवढ्या, त्यांनी काही न बोलता त्याचं वजनाचं कार्ड उघडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि पेनाच्या मागच्या टोकाने ठिपके दाखवले. ७.२, ७.२, ७.३, ७.१ किलो. सपाट रेघ. मी मुलाला चारदा बघितलं होतं आणि एकदाही ते कार्ड उघडलं नव्हतं! आजच्या कार्डावर हेच आकडे मांडले तर पहिला ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडतो आणि शेवटचा नारिंगीत, म्हणजे वजन तेवढंच राहिलं आणि मूल तीव्र कुपोषणाच्या रंगात गेलं, कारण वय पुढे गेलं ना. नुसतं आज वजन किती हा आकडा काहीच सांगत नाही, दोन ठिपके जोडले की रेघ बोलायला लागते. मग विचारलं तर कळलं, आई सोयाबीन कापायला जाते, मूल सहा वर्षांच्या बहिणीपाशी, आणि दिवसभर पोटात चहात बुडवलेला टोस्ट. मी त्याला खोकल्याचं सिरप देत होते.

आता तुम्ही म्हणाल आमच्या घरी असं कसं होईल. होतं हो, वेगळ्या रूपात होतं. माझ्या क्लिनिकमधला सगळ्यात कॉमन प्रकार सांगते. दीड-दोन वर्षांचं गुटगुटीत मूल, गोरंगोरं, आजी कौतुकाने सांगते दूध मस्त पितो, दिवसाला लिटर तरी होतं, जेवणाचं मात्र नावच नको. मी तळहात उलटा करून बघते, माझ्या हातावर ठेवून. पांढराफटक. खालची पापणी ओढून बघते, तीच गत. तो गोरा नाहीये आजी, त्याच्यात रक्त नाहीये! दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि लिटरभर दूध प्यायल्यावर पोटात वरण-भाताला जागा कुठे राहते. वर्षाच्या आधी गाईचं-म्हशीचं दूध हे मुख्य खाणं करायचं नाही, वर्षानंतर दिवसाला ४००-५०० मिली पुष्कळ झालं, आणि ते बाटलीतून नको, वाटीने किंवा कपाने. सकाळी पोह्यांबरोबर मुलाला बशीतून दोन घोट चहा पाजायची जी आपल्या इंदूरची पद्धत आहे ती पण बंद, चहाने लोह शोषलं जात नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप, त्यात २० मिलीग्रॅम लोह असतं, ते सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतं आणि ते द्यायला त्याच त्या दीदी किंवा आशा ताई येतात ज्यांना आपण दारातून परत पाठवतो.

तुमची ८ महिन्यांची आहे म्हणजे आता दिवसातून दोन-तीनदा घट्टसर खाणं चालू असायला हवं आणि अंगावरचं दूध चालूच. घट्टसर म्हणजे चमचा तिरका केला तर पटकन ओघळणार नाही इतकं. वरणाचं पाणी, भाताची पेज, ह्याने पोट भरतं आणि वजन हलत नाही. मऊ मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप, कुस्करलेलं केळं, दलिया, अंडं चालत असेल तर अंडं, भुट्ट्याच्या दिवसांत मिरची न घालता केलेला भुट्ट्याचा कीससुद्धा चालतो, माझ्या भाचीची मुलगी त्याच्यावरच वाढली. मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही.

बाकी अंगावरच्या दुधाबद्दल लांबण लावत नाही, पहिले सहा महिने फक्त तेच, पाणी नाही घुट्टी नाही, आणि पहिला चीक फेकायचा नाही, हे आता बहुतेकांना माहिती आहे. माहिती असून घुट्टी देतात तो भाग वेगळा.

जुलाब. इथे मी थोडी चिडणार आहे. मागच्या पावसाळ्यात एक शिकलेलं जोडपं आलं, बाळ ११ महिन्यांचं, दोन दिवस जुलाब, ओआरएस देतोय म्हणाले. विचारलं कसं करता, तर आईने हाताने दाखवलं, स्टीलचा पेला, त्यात अख्खं पाकीट. ते पाकीट १ लिटरचं होतं. म्हणजे पाचपट खारट पाणी, बाळ चिडचिडं, तहान-तहान करतंय आणि आई आणखी तेच पाजतेय. वेळेत आले म्हणून निभावलं. पाकिटावर लिहिलेलं असतं किती पाण्यात घालायचं, मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं ते लिटरला, २०० मिलीचं छोटंही मिळतं. लिटर मोजायला भांडं नसेल तर लिटरची बाटली भरून घ्या, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला असला अंदाजपंचे हिशोब करू नका, कारण पावडर आत सारखी मिसळलेली असेलच असं नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं किंवा फेकायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, वाटी-चमच्याने, उलटी केली तर १० मिनिटं थांबायचं आणि परत चमचा-चमचा. घरात पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे तात्पुरतं. आणि जोडीला झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलीग्रॅम रोज, १४ दिवस, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस.

दुसरा प्रकार म्हणजे मेडिकलवर ओआरएस मागितलं की गोड सरबताचा टेट्रापॅक हातात पडतो. त्यात साखर इतकी की जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ओआरएस हा शब्द लिहायला बंदी घातली, त्यासाठी हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत होत्या. तरी पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघूनच घ्या.

हे साधं पाणी किती मोठी गोष्ट आहे ते १९७१ मध्ये कळलं. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मिसळून ड्रम भरले आणि नातेवाइकांनाच सांगितलं पाजत रहा. मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्या खाली आले. औषध पाजणारे कोण, तर आई, भाऊ, शेजारी! प्राथमिक काळजी हीच.

खोकला-सर्दी. तुम्ही लिहिलंय की दर सर्दीला अँटिबायोटिक लिहून मिळतं. साधी सर्दी व्हायरसने होते, अँटिबायोटिकचा तिथे काही उपयोग नाही. न्यूमोनिया झालाय का, हे बघायची पहिली पायरी तुम्ही घरी करू शकता, मशीन लागत नाही. बाळ शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, झबलं वर करा, पोट आणि छाती उघडी, फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा, पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे जोरात चाललाय, त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल तर तासही थांबू नका. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी असं साधन केलं होतं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया. शंभरापर्यंत आकडे न येणारी बाई हे निदान करत होती आणि आपण ग्रॅज्युएट आई-बाप झबलं वर करून बघत नाही, डायरेक्ट मेडिकलवर जाऊन म्हणतो खोकल्याचं काहीतरी द्या.

खोकल्याच्या सिरपबद्दल तर आता बोलायलाच नको. आपल्याच राज्यात छिंदवाड्याला २०२५ मध्ये मुलं दगावली, सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, किडन्या गेल्या. त्यानंतर केंद्राने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांच्या आत खोकला-सर्दीचं सिरप द्यायचंच नाही आणि पाचच्या आतही सहसा नाही. पण विष नसलेलं सिरपसुद्धा बाळाच्या खोकल्याला फारसं काही करत नाही, ही गोष्ट आम्ही डॉक्टर लोक पेशंटला सांगायला कचरतो कारण काहीच लिहून दिलं नाही तर फी कशाची घेतली असं वाटतं लोकांना. मी पण वर्षानुवर्षं लिहिलीयत ती. आता नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध, एवढंच सांगते, काहीजण दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, जाऊ दे.

तापाचं एकच सांगते, पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप एकमेकांच्या मापाने देऊ नका. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलीग्रॅम असतं आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. सिरपचा चमचा आठवून ड्रॉप्स चमचाभर पाजले की चौपट डोस जातो. माझ्याकडे असे फोन रात्री ११ नंतरच येतात का कोण जाणे.

लसी. फुकटची लस हलकी आणि पैशाची भारी असं नसतं, जे सरकारी यादीत आहे ते सरकारीत घेतलं तरी तेच संरक्षण. काही लसी, म्हणजे कांजिण्या, टायफॉइड, फ्लू वगैरे, सरकारी यादीत नाहीत, त्या ऐपत असेल तर प्रायव्हेटला घ्या. लस २ ते ८ डिग्रीत राहायला लागते. सरकारी कुपीवर एक गोल असतो आणि त्यात चौकोन, चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर ठीक, चौकोनाचा रंग गोलाएवढा किंवा जास्त गडद झाला तर ती कुपी उन्हात-गर्मीत खराब झालेली, फेकायची. मागून बघा, कोणी नाही म्हणणार नाही. मे महिन्यात इथे ४२-४३ डिग्री होतं आणि लाइट गेली की माझ्या क्लिनिकच्या फ्रिजचं मलाच टेन्शन येतं, म्हणून हे बघायची सवय सगळीकडे ठेवा, माझ्याकडे आलात तरी फ्रिजचं तापमान विचारा.

तुमच्या मुलीला पुढच्या महिन्यात ९ महिने होतील, तेव्हा गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकॉकलचा, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धच्या लसीचा, बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा छोटा डोस आणि व्हिटॅमिन एचा पहिला, १ लाख युनिटचा, असं एकदम येतं. मधला एखादा डोस चुकला असेल तर पहिल्यापासून परत सुरू करायची गरज नसते, जिथे थांबलात तिथून पुढे.

आता गरिबांसाठी ह्या शब्दावर येते. गोवर खूप वेगाने पसरतो. तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंचं बाळ आणि तुमचं बाळ एकाच हवेत श्वास घेतात, त्या बाळाची लस राहिली की तुमचंही पुरतं सुरक्षित नाही, कारण ९ महिन्यांच्या आधी तुमच्या मुलीला गोवराची लसच मिळत नाही. पाण्याचं तसंच. इंदूर स्वच्छतेत कितीही पहिलं येवो, नर्मदेची लाइन ड्रेनेजच्या बाजूने जाते आणि पाणी दिवसाआड येतं तेव्हा रिकाम्या पाइपात बाहेरचं ओढलं जातं, वर आपली अंडरग्राउंड टाकी शेवटची कधी धुतली ते घरात कोणालाच आठवत नाही. हे माझ्या प्रिस्क्रिप्शनने सुटत नाही. आणि अर्भक मृत्यूंच्या बाबतीत आपला मध्य प्रदेश वर्षानुवर्षं देशातल्या सगळ्यात वाईट राज्यांमध्ये आहे, तो हॉस्पिटलं कमी आहेत म्हणूनच नाही, तर पहिल्या महिन्यात घरी जाऊन बघणारं कोणी बऱ्याचदा पोचत नाही म्हणूनही. बंगांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं, १९९९ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशा ताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात ते तिथूनच आलंय. तुमच्याकडे आल्या होत्या का, आणि दार कोणी उघडलं होतं, ते आठवून बघा.

डॉक्टर सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पाजलेलं काहीच पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटका आला, हाक मारली तरी डोळे उघडत नाही किंवा नुसतं लोळागोळा पडलंय, ह्यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती सगळं बंद आणि थेट हॉस्पिटल, एमवाय असो की चाचा नेहरू की जवळचं प्रायव्हेट, जे आधी येईल ते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला किंवा अंग गार पडलं किंवा दूध ओढेना तरी तसंच. रात्र असली तरी.

तर ह्या महिन्यात जा तुम्ही. कार्ड घेऊन जा, नसेल तर दीदींकडून करून घ्या, त्यात मुलींचा वजनाचा तक्ता गुलाबी असतो, आणि आमच्यासारख्या प्रायव्हेटवाल्यांकडे आलात की तेच कार्ड टेबलावर उघडून ठेवा म्हणजे देपालपूरची माझ्यासारखी चूक कोणी करणार नाही. सासूबाईंना बरोबर न्या. वजन करताना डायपर, स्वेटर, सगळं उतरवायचं, आणि आपल्या मराठी घरांत पायात चांदीचे वाळे असतात ते पण, चांगले शंभरेक ग्रॅम भरतात कधी कधी आणि रेघ उगाच वर जाते. ते काढायचं काम सासूबाईंना द्या, दुसऱ्या कोणी काढलेले त्यांना चालायचे नाहीत.